चूक मोजणाऱ्या शेख मॅडम

हे लिहायचा अधिकार माझा आहे की नाही, याची मला खात्री नाही. माझ्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. वडील मेंढरं राखतात, आई त्यांच्या मागं चालते. आमच्या घरात आजवर तयार झालेलं सगळ्यात मोठं लिखाण म्हणजे मामाची लग्नपत्रिका. शिवाय शेख मॅडमना माझं लिहिणं कधी आवडलंच नाही. माझ्या प्रयोगवहीत ‘अत्यंत अचूक’ असं दिसलं की त्या ‘अत्यंत’ खोडायच्या, आणि थोडं थांबून ‘अचूक’ही खोडायच्या. तेव्हा वाचणाऱ्यांनी आणि मॅडमनीही मला माफ करावं. खरं तर हे वर्गातल्या हुशार मुलांनी लिहायला हवं होतं. पण त्यांना सल्ला मिळाला की मॅडमच्या प्रकरणावर लिहू नका, आणि त्यांनी तो ऐकला. सल्ला मलाही मिळाला होता.

तरन्नुम शेख आमच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायच्या, तासिका तत्त्वावर. म्हणजे जूनमध्ये बोलावणं येतं आणि उन्हाळ्यात सगळे ओळख विसरतात, तशी नोकरी. दिंद्रुडहून स्कूटीवर यायच्या. अंगानं बारीक, आवाज मात्र शेवटच्या बाकाच्याही पलीकडं जाणारा. त्यांच्या अब्बांचं, रशीदभाईंचं, दिंद्रुडला ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे. त्यामुळे असेल, मॅडमच्या पर्समध्ये पेनांच्या जोडीला एक स्क्रू ड्रायव्हर कायम असायचा.

त्यांचा आवडता शब्द ‘कावून’, म्हणजे ‘का’. तास प्रमाण मराठीत सुरू करायच्या, पण लगेच बोलीवर यायच्या, आणि प्रश्न विचारताना हटकून ‘कावून?’ यायचं. उत्तर बरोबर असलं तरी. एकदा सविता, आमच्या वर्गात पहिली येणारी मुलगी, वैतागून म्हणाली, “मॅडम, बरोबर आलं तरी कावून?”

“चुकलं की आपण शोधतोच गं. बरोबर आलं की कुणी शोधत न्हाई. तिथंच लबाडी लपती.”

आणि दुसरं एक वाक्य, जे आता आमच्यापैकी कुणीही म्हणतं: “चूक लपवायची न्हाई, चूक मोजायची.”

चुकीचं घड्याळ त्यांना सहन व्हायचं नाही. आमच्या कॉलेजच्या व्हरांड्यातलं घड्याळ दहा मिनिटं पुढं ठेवायची पद्धत होती. पोरं वेळेवर यावीत म्हणून तसा वरूनच आदेश होता. मॅडम सकाळी आल्या की बाक ओढायच्या, चपला काढून त्यावर चढायच्या आणि घड्याळ बरोबर लावायच्या. त्या वर्गात गेल्या की शिपाई नामदेवमामा ते परत पुढं करायचे. वर्षभर हे चाललं.

“मॅडम, मला वरून सांगितलंय,” मामा म्हणायचे.

“आणि मला अजून वरून सांगितलंय,” म्हणून त्या सूर्याकडं बोट दाखवायच्या.

“पोरं उशिरा येतेत हो!”

“मामा, सगळ्यांना म्हाईत हाय की घड्याळ धा मिनिटं पुढं हाय. म्हणजे सगळे धा मिनिटं वजा करूनच येतेत. मग खोटं बोलून मिळालं काय?”

पण मामांना आदेश होता. घड्याळ पुढं जायचंच.

मी दुसऱ्या वर्षाला असताना दिवाळीनंतर तो धूमकेतू आला. सूर्य मावळला की पश्चिमेला, उसाच्या शेंड्यांवर, पुसट शेपटीचा ठिपका दिसायचा. आमच्या वस्तीवर आई त्याच्याकडं बघायलाही तयार नव्हती. वर्गात मात्र मोबाइलवरचे फोटो फिरत होते. मॅडम आल्या आणि म्हणाल्या, “याची कक्षा आपण काढायची. विद्यापीठाच्या प्रदर्शनाला आपला प्रकल्प तोच.”

मागून कुणीतरी म्हणालं, “मॅडम, नेटवर हाय की ती. काढलेली.”

“नेटवर तुझा निकालबी लागंल. म्हणून पेपर लिहायचा न्हाई का?”

मग त्यांनी पर्समधून काकणाचा एक तुकडा काढला. शेतात नांगरताना सापडतो तसला, हिरवा, नखाएवढा. “यावरून अख्खं काकण केवढं होतं ते सांगता येतं का?” सविता म्हणाली, येतं, वाक बघून. “बरोबर. पण समजा काकण बैलगाडीच्या चाकाएवढं हाय, आणि तुकडा एवढाच. मग वाक दिसणारच न्हाई. जरा मोजायला चुकलात की चाक जिल्ह्याएवढं निघंल.” काही धूमकेतू इतक्या लांबून येतात की त्यांच्या वाटेचा आपल्याला दिसणारा भाग हा असला नखाएवढा तुकडा असतो. त्यावरून अख्खी वाट काढायची. तो धूमकेतू आपल्यापासून किती लांब आहे हे फोटोत कळत नाही, फक्त कुठल्या दिशेला आहे ते कळतं. आणि आपण ज्यावर उभे आहोत ती पृथ्वीही पळत असते. म्हणून एक संध्याकाळ पुरत नाही. निदान तीन लागतात, आणि जितक्या लांब-लांबच्या तारखा, तितका तुकडा मोठा. प्रत्येक फोटोत आजूबाजूच्या ताऱ्यांवरून धूमकेतूची जागा मोजायची. जागा कळली, आपलं गाव नकाशावर कुठं ते कळलं, आणि फोटो नेमका कुठल्या क्षणाचा ते कळलं, की पुढचं गणित.

कॉलेजच्या गच्चीची किल्ली आम्हाला मिळाली नाही. संध्याकाळी मुली गच्चीवर, हे बरं दिसत नाही म्हणे. मॅडम म्हणाल्या, “दिंद्रुडला पत्रे आणि स्लॅब दोन्ही हायेत.” आणि गॅरेजच्या स्लॅबवर आमची वेधशाळा झाली. रशीदभाईंनी दाराच्या बिजागरीवर दोन फळ्या जोडून एक यंत्र बनवलं. बिजागरी ध्रुवाकडं रोखायची आणि बोल्ट हळूहळू फिरवत राहायचं, म्हणजे कॅमेरा ताऱ्यांच्या चालीनं सरकतो. बोल्ट फिरवायचं काम त्यांनी कुणाला दिलं नाही.

“अब्बा, हिलो नक्को,” मॅडम खालच्या आवाजात म्हणायच्या.

“मैं कहाँ हिल रा? तेरी जमीन हिल रई,” ते म्हणायचे. आणि शास्त्राच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं.

कॅमेरा मात्र कुणाकडंच नव्हता. तो आणला गित्ते फोटोग्राफरकडून. गित्तेभाऊ दिंद्रुडच्या पंचक्रोशीतली सगळी लग्नं टिपायचे. त्यांच्याकडं लांबचं टिपणारी लेन्स होती, स्टेजवरच्या पुढाऱ्यांसाठी घेतलेली. दिवसभर लग्न, संध्याकाळी आमचा स्लॅब. “नवरदेवापेक्षा ह्यो बरा,” ते धूमकेतूकडं बघून म्हणायचे, “निदान हलू नको म्हणावं लागत न्हाई.”

रोज काम सुरू करायच्या आधी मॅडम मोबाइलच्या घड्याळाचा फोटो त्या कॅमेऱ्यानं काढायच्या, म्हणजे कॅमेऱ्याच्या घड्याळातला फरक कळायचा. एकच संध्याकाळ चुकली. शेवटची. आठवडाभर ढग होते, त्यानंतर चांदणं वाढणार होतं आणि धूमकेतू अंधुक होत चालला होता. गित्तेभाऊ लग्नातून थेट आले, अजून कपड्यांवर अक्षता. नेमकी ढगात एक फट पडली. मॅडम ओरडल्या, “आधी फोटो! घड्याळ मागून!” फोटो मिळाले, फट मिटली, आणि कॅमेऱ्याची बॅटरी संपली. घड्याळ राहून गेलं.

गणित घातलं तेव्हा बाकीच्या सगळ्या संध्याकाळी एका वाटेवर नीट बसल्या. शेवटच्या संध्याकाळचे ठिपके मात्र वाटेवरून सरकलेले. आम्हाला वाटलं, सगळं पाण्यात गेलं. मॅडम पडद्याजवळ सरकल्या. मग त्यांनी बोटानं दाखवलं: ठिपके वाटेच्या डावीकडं नव्हते, उजवीकडं नव्हते. वाटेवरच होते, फक्त पुढं. जिकडं धूमकेतू चालला होता, तिकडंच पुढं.

“वाट चुकलेली न्हाई,” त्या म्हणाल्या. “वेळ चुकलीय. कॅमेऱ्याचं घड्याळ मागं हाय. आणि हे बघा, कॅमेरा सांगतोय त्या वेळेला अजून उजेड असतो. फोटोत तर तारे लखलखतायत.” मग त्या वळल्या आणि सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या, “चूक माझी. दुनियेची घड्याळं लावत फिरले आणि हे बघितलं न्हाई.”

आमचे विभागप्रमुख सर तेवढ्यात आले. प्रदर्शन आठवड्यावर होतं. त्यांनी शांतपणे दोन उपाय सांगितले: एक, ती संध्याकाळ गाळा. दोन, नाहीतर नेटवरची कक्षा घ्या आणि आपले आकडे तिच्याशी जुळवून मांडा, परीक्षकांना तरी काय कळतंय.

“सर, ती गाळली तर तुकडा निम्मा राहतो. आणि ती गाळायचं कारण काय? आपल्याला पटत न्हाई म्हणून?”

“मॅडम, तासिकेवरच्या माणसानं एवढं ताणू नये.”

“तासिकेवर मी हाय, सर. धूमकेतू न्हाई.”

सर तडक निघून गेले. त्या दिवसापासून आम्हा सगळ्यांना कळलं की पुढच्या जूनमध्ये मॅडमना बोलावणं येईल की नाही, ते या प्रकल्पावर ठरणार आहे. मॅडमना ते आमच्या आधी कळलं असणार.

सवितानं मग एक युक्ती काढली. घड्याळ किती मागं धरलं की ठिपके वाटेवर चपखल बसतात, ते संगणकालाच विचारलं. उत्तर आलं, त्रेचाळीस मिनिटांच्या जरा आत. आम्ही खूश. मॅडम खूश नव्हत्या.

“साक्षीदार आपणच पढवला तर साक्ष कसली? आपल्याला जे सिद्ध करायचंय त्यावरूनच घड्याळ लावायचं, आणि मग म्हणायचं बघा जुळलं! दुसरा साक्षीदार आणा. ज्याला धूमकेतूशी देणंघेणं न्हाई असा.”

आम्ही गित्तेभाऊंच्या दुकानात गेलो. घड्याळाचं नाव काढताच ते लेन्स पुसायला लागले.

“धंद्याची गोष्ट हाय, मॅडम.”

“कावून?”

“कावून म्हणजे... तुमाला म्हाईत न्हाई का लग्नं कशी लागतेत? मुहूर्त बारा पस्तीसचा. नवरदेव नाचतोय. मग सत्कार. मग पुढाऱ्याचं भाषण. पण पोरीच्या बापाला अल्बममध्ये फोटोच्या कोपऱ्यात बारा पस्तीसच पायजे. म्हणून शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं की मी घड्याळ मागं घेतो. समदेच फोटोग्राफर घेतेत.”

“किती मागं घेतलं?”

“आता ते कुठं ध्यानात राहतंय! मुहूर्ताला आणून सोडतो. त्याच्यानंतर दोन लग्नं झाली, दोनदा फिरवलं. पण त्या दिशी अंतरपाटापसून तुमच्या स्लॅबपर्यंत हात लावला न्हाई, ही आईची शपथ.”

मॅडम हसायला लागल्या. मग भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोंकडं वळल्या. म्हणाल्या, “भाऊ, त्या लग्नात मोबाइल किती होते?”

लग्न गावातल्या आबांच्या घरचं होतं. मोठी शेती, मोठा आवाज. आम्ही गेलो तेव्हा त्यांची मुलगी मीरा लग्नानंतरच्या पाचपरतावनाला माहेरी आलेली होती आणि आत हसण्याचा आवाज होता. मॅडमनी सरळ विचारलं: लग्न लागतानाचा मोबाइलवरचा व्हिडिओ बघायला मिळेल का, नेमकी वेळ हवी आहे.

आबा ताठ झाले. “येळ? अल्बममध्ये बघ की. बारा पस्तीस. माझ्या लेकीचं लगीन मुहूर्तावर लागलंय.”

“आबा, मला पंचांगाची न्हाई, घड्याळाची वेळ पायजे.”

“तू रशीदभाईची लेक म्हणून ऐकून घेतोय, नाहीतर... त्या शेपटीवाल्या ताऱ्याचं आणि माझ्या घरच्या कार्याचं काय नातं लावतीस?”

मी तर दाराकडं सरकलो होतो. तेवढ्यात मीरा बाहेर आली. हातात हिरवा चुडा, मेंदी अजून लाल.

“बाबा, अंतरपाटामागं मी उभी होते, तुमी न्हाई. पायाला मुंग्या आल्त्या माझ्या. ते भाषण संपतच नव्हतं.”

“मीरे, आत जा.”

“जाते. पण लगीन उशिरा लागलं म्हणून काय झालं? नीट लागलं का न्हाई?” तिनं मोबाइल मॅडमच्या हातात दिला. “मावसभावानं काढलाय. यात माझं रडणंबी हाय, तेवढं पोरांना दावू नका.”

आबांनी एकदा लेकीकडं, एकदा मोबाइलकडं बघितलं. शेवटी म्हणाले, “नाव नका लिहू आमचं.”

“नाव न्हाई लिहिणार, आबा,” मॅडम म्हणाल्या. “वेळ लिहीन.”

व्हिडिओत अंतरपाट खाली येतो, अक्षता उडतात आणि एका लहान मुलाची टोपी हवेत जाते. गित्तेभाऊंच्या फोटोतही तीच टोपी, तशीच हवेत. कॅमेरा म्हणतो बारा पस्तीस. मोबाइल म्हणतो एक वाजून सतरा मिनिटं आणि वर काही सेकंद. फरक बेचाळीस मिनिटं आणि थोडा. धूमकेतूनं सांगितलेला आणि लग्नानं सांगितलेला फरक एकच निघाला. सविता ओरडली, मी बाकावर हात आपटला. मॅडमनी हळूच विचारलं, “कावून जुळलं?” आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनीच उत्तर दिलं. “कारण दोघांना एकमेकांची ओळख न्हाई.”

अहवालात त्यांनी लिहिलं: ‘शेवटच्या दिवशीच्या घड्याळातील फरक एका विवाहसोहळ्याच्या चित्रफितीवरून काढला.’ विभागप्रमुखांनी त्या ओळीखाली लाल रेघ मारली. मॅडमनी पान बदललं नाही.

प्रदर्शनात परीक्षक चांगले होते. वाट त्यांना पटली, लग्नावर ते खळखळून हसलेही. मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो सगळेच विचारत होते: “मग हा परत कधी येणार?”

फलकावर आम्ही मॅडमच्या सांगण्यावरून मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: ‘आमच्या निरीक्षणांवरून सांगता येत नाही.’ खाली का, तेही लिहिलं होतं. आमच्या मोजमापात जेवढी चूक असू शकते, तेवढ्यात काही हजार वर्षांनी परत येणारी वाटही बसत होती आणि कधीच परत न येणारीही. विभागप्रमुख मागून कुजबुजले, “नेटवर आकडा आहे, तो सांगा की.” परीक्षकांनीही ते ऐकलं.

मॅडम वळल्या. “तो आकडा त्यांचा हाय, सर. आमचा तुकडा एवढाच हाय.” आणि काकणाचा तो हिरवा तुकडा परीक्षकांच्या हातावर ठेवला.

बक्षीस मिळालं नाही. ‘निष्कर्ष अपूर्ण’ असा शेरा मिळाला. परतीच्या एसटीत आम्ही फलक मांडीवर उलटा धरून बसलो होतो. मॅडम मात्र सीताफळ खात होत्या आणि बिया ओळीनं रुमालावर ठेवत होत्या. “तोंडं पाडू नका,” म्हणाल्या. “अपूर्ण हाय म्हणले. खोटं हाय म्हणले का?” त्याच आठवड्यात त्यांनी आमची सगळी मोजमापं, जगभरची निरीक्षणं जिथं गोळा होतात तिथं पाठवून दिली. ठिकाण म्हणून कॉलेजचं नाव नाही, दिंद्रुड लिहिलं.

उन्हाळ्याच्या आधीचा शेवटचा दिवस. मॅडमना सगळं ठाऊक होतं, आम्हालाही. त्यांनी प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली जमा केली, व्हरांड्यात आल्या आणि बाक ओढायला लागल्या. नामदेवमामा स्टुलावर बसले होते. ते उठले. आम्हाला वाटलं अडवतात. मामांनी बाकाचं दुसरं टोक धरलं, भिंतीला लावलं आणि मॅडम चढल्या तसं दोन्ही हातांनी घट्ट धरून उभे राहिले. मॅडमनी घड्याळ बरोबर लावलं, ओढणीनं काच पुसली, खाली उतरल्या, चपला घातल्या. स्कूटी फाटकातून बाहेर पडेपर्यंत मामा बाकाला हात लावून तसेच उभे होते. त्यांनी घड्याळाला हात लावला नाही. त्यानंतर मी मॅडमना पाहिलेलं नाही.

जूनमध्ये त्यांना बोलावणं आलं नाही. नेकनूरकडच्या एका शाळेत लागल्याचं ऐकलं, ते खरं की नाही कळेना. मी तिसऱ्या वर्षात गेलो. धूमकेतू तर केव्हाच दिसेनासा झाला होता.

मग गेल्या महिन्यात, मी मेंढरांमागं असताना, गित्तेभाऊंचा फोन आला. ते इतके ओरडत होते की आधी वाटलं कुठं भांडण झालंय.

“अबे देवकते, कुठं हायस? मॅडम आल्त्या दुकानात! नेकनूरच्या पोरींसाठी कॅमेरा बघायला. आल्या आल्या पयले माझं घड्याळ बघितलं! आन् ऐक, तुमची ती मापं हायेत न्हवं, घेतली म्हणे त्या जगभरची गोळा करणाऱ्यांनी. समदी. आबाच्या घरच्या लग्नाच्या दिवसाचीबी! एक गाळलं न्हाई!”

“आणि कक्षा? परत कधी येणार म्हणे?”

“तेच सांगतोय की. जगभराची मापं घालून नव्यानं गणित केलंय म्हणे. नेटवरचा तो जुना आकडा काढून टाकलाय. मॅडम म्हणल्या, सगळ्या पोरांना कळव.” इथं गित्तेभाऊ थांबले, आणि पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले. “येणार न्हाई म्हणे तो. कधीच न्हाई. एकदाच येऊन गेला, आन् तवा आपण स्लॅबवर होतो.”